गुळाचं लेबल, एसटीचा फलक आणि मधलं सगळं: अप्लाइड आर्ट, दुसरं वर्ष, प्रकल्प नोंदी (कोल्हापूर, २०२४-२५)

१८ जुलै

सत्राचं पहिलं ब्रीफ (करायच्या कामाचं टिपण) हातात पडलं. एकच शब्द, देवनागरीत, हाताने काढायचा. ए-थ्री कागद, काळं-पांढरं, चित्र नाही, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

निम्म्या वर्गाने ‘पाऊस’ घेतलाय, बाहेर कोसळतोय म्हणून असेल. मी ‘रंकाळा’ घेतला. तीनच अक्षरं, पण दोन काने, एक अनुस्वार आणि एक ळ. बहुतेक फॉन्टमध्ये ळ दाबून बसवलेला दिसतो. तो मोकळा काढून बघायचाय.

मॅडमनी आजच सांगून टाकलं की यंदा सगळे प्रकल्प मराठी मजकुरावर. पहिल्या वर्षी टायपोग्राफीच्या तासाला गॅरामंड, बोडोनी, हेल्वेटिका हे रोमन फॉन्ट घोकून झाले. देवनागरीच्या वाट्याला आली ती जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यातल्या खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या ओतीव अक्षरांची, एक स्लाइड, तीही तास संपता संपता.

२४ जुलै

दिवसभर बोरू. दुकानात कॅलिग्राफीची म्हणून जी पेनं मिळतात ती रोमन लिपीच्या हिशोबाने छाटलेली. देवनागरीचा बोरू त्याच्या उलट बाजूने तिरका छाटतात, त्यामुळे जाड-बारीक रेघांची जागाच पालटते. रोमन टोकाने काढलेलं देवनागरी अक्षर वाचता येतं, पण वजन भलत्या ठिकाणी जातं आणि काहीतरी खटकत राहतं. मॅडमनी बांबूची काडी वर्गातच छाटून दिली, टोक काचपेपरवर घासलं, शाई उतरायला मध्ये चीर पाडली. अक्षराची उंची आता सेंटिमीटरमध्ये नाही, टोकाच्या रुंदीत मोजायची.

आम्ही जवळपास सगळे शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन आलोय. तिथे अक्षरलेखन म्हणजे चौकोन आखायचे आणि पट्टीने ठोकळा अक्षरं भरायची. ठोकळ्यात ळ ची दोन्ही पोटं सारखीच येतात. बोरूने काढला की डावं आणि उजवं पोट वेगळं येतं, कारण हात वेगळ्या दिशेने वळतो. पट्टीने हे कधी कळलंच नसतं.

पंचगंगेचं पाणी चढतंय. उद्या कॉलेज असेल की नाही, बघू.

२ ऑगस्ट

मॅडमनी गंगावेशीजवळच्या एका पेंटर काकांकडे पाठवलं. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालंय, पण गावोगावच्या दूध संस्था अजून पत्र्याची पाटी रंगवून घेतात. आज तीच होती: ‘दूध संकलन केंद्र’. पत्र्याला पांढरा हात कालच मारून ठेवला होता.

खडूत घोळवलेली दोरी ताणून त्यांनी वर-खाली दोन रेघा उठवल्या. मग खडूने अंदाज. सुरुवात ‘दूध’पासून नाही, मधल्या ‘संकलन’पासून, आणि तिथून दोन्ही बाजूंना. म्हणजे शेवटी जागा उरली-पुरली तर ती कडांना विभागून जाते, ‘केंद्र’ चेपलं जात नाही. ‘केंद्र’मधल्या द्र साठी त्यांनी एका बोटाची जादा जागा सोडली आणि लन या जोडीत तेवढीच काढून घेतली. मोजपट्टी कुठेच नाही. डाव्या हातात टेकायला काठी, तिच्यावर उजवा हात, हातात चपटा ब्रश.

माझ्यासाठी खरी गोष्ट पुढे घडली. त्यांनी सगळी अक्षरं शिरोरेषेशिवाय रंगवली. द, ध, क, ल, न, सगळी वरच्या खडूच्या रेघेखाली उघड्या डोक्याने. मी वर्गात आधी शिरोरेषा मारून मग तिला अक्षरं टांगत होते. कारण विचारलं तर म्हणाले, “रेघ आधी वडली की अक्षराला जागा मागाय येत न्हाई पोरी. आधी सगळी बसू देत. मग वडायची.” आणि ओढली. एका शब्दाला एक दम. अक्षरांची वरची टोकं, ब्रश उचलताना राहिलेले ओघळ, सगळं तिच्याखाली गेलं. मग खाली उजवीकडे लाल शेड, अक्षराला न चिकटवता, मध्ये पांढरी फट ठेवून. ती फट असल्यामुळे पाटी लांबून वाचता येते. शेड चिकटवली की अक्षर नुसतं जाडजूड दिसतं.

फ्लेक्सबद्दल विचारलं. चिडले वगैरे नाहीत. म्हणाले, स्वस्तात होतं, लोक घेणारच. आणि पुढच्या पत्र्याला पांढरा हात मारायला लागले.

कोल्हापुरात या कामाची नाळ बाबूराव पेंटरांपर्यंत (१८९०-१९५४) जाते. नाटकाचे पडदे, सिनेमाची पोस्टरं, सगळं हाताने. वर्गात हे नेहमी अभिमानाने सांगितलं जातं. पण वर्गातून उठून गंगावेशीत येऊन बसायला कोणी सांगत नाही, या मॅडम सोडल्या तर.

९ ऑगस्ट

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९१५ मध्ये शाहू महाराजांच्या काळात बांधलेलं. आणि आज केशवरावांची जयंती. वर्गात कुणी काही काढलं नाही.

१४ ऑगस्ट

‘रंकाळा’ जमा केला. आधी अक्षरं, मग शिरोरेषा. मॅडमनी शेरा मारला तो अनुस्वारावर: टिंब र च्या डोक्यावर बरोबर मध्यभागी ठेवू नकोस, जिथे र चं वजन आहे तिकडे थोडं सरकव. सरकवलं. शब्द सरळ उभा राहिला.

२१ ऑगस्ट

प्रकल्प दोन: पत्रक. विषय ‘पूर आला तर’. एक ए-फोर कागद, मध्ये घडी, म्हणजे चार पानं. एकच फॉन्ट कुटुंब, फक्त काळा रंग, चित्र नाही, आयकॉन नाही. मजकूर मॅडमनीच दिला. गेल्या महिन्यात पाणी धोका पातळी ओलांडून गेलं होतं, त्यामुळे विषय कुणाला समजावून सांगावा लागला नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे दोन आकडे इथल्या पोराटोरांना पाठ असतात.

या ब्रीफमधली अडचण अशी. महत्त्वाचं आणि कमी महत्त्वाचं वेगळं दाखवायचं कसं? पुस्तकात उपाय दिलेत: मथळा कॅपिटलमध्ये, भर द्यायचा शब्द इटॅलिकमध्ये, उपमथळे स्मॉल कॅप्समध्ये. मराठीत यातलं एकही नाही. कॅपिटल नाहीत. इटॅलिकची परंपरा नाही, सॉफ्टवेअरने तिरकी केलेली देवनागरी कलंडल्यासारखी दिसते. मथळ्याची अक्षरं लांब-लांब पसरवावीत म्हटलं, तर ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे होतात. उरतं काय? आकार, जाडी, कोरी जागा आणि पानावरचं ठिकाण. चारच हत्यारं. खरं तर तेवढी पुरतात, पण पुस्तकातल्या नियमांची यादी बाजूला ठेवल्यावरच ती दिसायला लागतात.

‘मुक्त’ नावाचा फॉन्ट घेतला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, मोफत, अगदी हलक्यापासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत सात वजनं. त्यातली दोनच वापरणार. तिरो देवनागरी मराठी लावून बघितला, सलग वाचायला फार देखणा, पण त्यात जाड वजन नाही आणि या पत्रकात सलग वाचायचं फारसं काही नाही.

२६ ऑगस्ट

आजचा दिवस तांत्रिक कटकटींचा. पुढच्या बॅचला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

लेआउटच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर पेस्ट केला आणि ‘स्थिती’, ‘जिल्हा’ या शब्दांची पहिली वेलांटी अक्षर ओलांडून पलीकडे जाऊन बसली, जोडाक्षरं फुटून पाय मोडके झाले. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला की सगळं जागेवर येतं. नवी फाइल उघडली की पहिलं काम हेच.

ओळींतलं अंतर. सॉफ्टवेअर आपणहून अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के अंतर ठेवतं. रोमनला ते चालतं. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. ‘कुटुंबातील’ या शब्दाखाली ‘मौल्यवान’ आला आणि दोघांची झटापट झाली. १२ पॉइंटला १८ ठेवलं.

‘गावकऱ्यांनी’. हा शब्द साधा र, हलंत, य असा टाइप केला तर ‘गावकर्यांनी’ उमटतो, र चा रफार होऊन य च्या डोक्यावर जातो. हवा असतो तो डोळ्याच्या पापणीसारखा आडवा र, त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घेऊन हलंत द्यायचा. एकदा हे कळलं की शहरात चालणं अवघड होतं. ‘शेतकर्यांसाठी’, ‘कर्मचार्यांचे’, ‘दुसर्या मजल्यावर’, जिथे बघावं तिथे.

आणि ल, श. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की काही फॉन्ट ही दोन्ही अक्षरं आपल्या वळणाची देतात. भाषा हिंदी राहिली किंवा निवडलीच नाही, तर हिंदी वळणाची येतात. काही फॉन्टमध्ये मराठी वळण मुळात भरलेलंच नसतं. फॉन्ट निवडताना आता मी ‘लोकशाही’ टाइप करून बघते. दोन्ही अक्षरं एका शब्दात मिळतात.

३ सप्टेंबर

पत्रकाचा कच्चा नमुना घरमालकीण काकूंना दिला. मी काही बोलले नाही, नुसतं बघत बसले. त्यांनी पहिलं पान वाचलंच नाही. कागद उलटा-सुलटा केला आणि फोन नंबर शोधला. तो शेवटच्या पानावर तळाला होता, सगळ्या पत्रकांत असतो तसा. सापडल्यावर मग पहिल्या पानाकडे आल्या.

म्हणून नंबर पहिल्या पानावर आले. आणीबाणीचा ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागात, सर्वांत जाड वजनात, भोवती काही नाही. त्याखाली ३९ आणि ४३, प्रत्येकासमोर एकच वाक्य: काय करायचं. मेन स्विच, कागदपत्रं, औषधं, जनावरं हे आतल्या पानांवर. जनावरं आधीच्या मसुद्यात शेवटी होती. नदीकाठच्या माणसाला विचारलं तर तो जनावरं सोडून हलत नाही. त्यांना वर घेतलं.

छपाई झेरॉक्सवर, पिवळ्या कागदावर. करड्या छटा वापरल्या नाहीत, झेरॉक्समध्ये त्यांचे ठिपके होतात आणि बारीक अक्षर त्यात विरघळतं.

गणपती ते दसरा

नियमित नोंदी नाहीत. अर्धा वर्ग मंडळांचे अहवाल आणि बॅनर करण्यात गुंतला, मीही केले. चार पैसे मिळतात. शिकायला मिळालं ते एवढंच: फ्लेक्सवाला फाइल कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये मागतो, आणि त्याच्याकडचे मराठी फॉन्ट जुने, युनिकोडच्या आधीचे असतात. आपला मजकूर तिथे उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसते. त्यामुळे देण्याआधी सगळी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून द्यायची. मग त्याला दुरुस्ती करता येत नाही, आणि अध्यक्षांचं नाव ऐन वेळी बदलतंच. बॅनरवर कार्यकर्त्यांचे फोटो किती मावतात याचा कुणीतरी एकदा अभ्यास करायला हवा.

१४ ऑक्टोबर

प्रकल्प तीन: वेष्टन. खरा ग्राहक शोधायचा, खरं उत्पादन घ्यायचं. मी मामाचं गुऱ्हाळ घेतलं. मामा आतापर्यंत रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, मार्केट यार्डात घालायचा. यंदा थोडा गूळ अर्ध्या किलोच्या डब्यात भरून शहरातल्या दुकानांत द्यायचा विचार आहे. भेंडीचं पाणी घालून काढलेला, रंगाने काळपट.

पहिला कच्चा आराखडा मोबाइलवर पाठवला. फिकट हिरवा, उसाच्या पानाची बारीक रेघ, मध्ये छोट्या अक्षरात नाव. मामाचा फोन: “आगं, ह्यो गूळ हाय का साबण?”

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली, गुऱ्हाळ पेटलं. पहाटेपासून तिथे.

काहिलीत रस उकळतोय, वर मळी येतेय, ती मोठ्या झाऱ्याने काढून टाकतायत. खाली चुलवाणात चिपाडं. भेंडीची झाडं ठेचून काढलेलं बुळबुळीत पाणी ओतलं की मळी भराभर वर येते. गुळव्या बोलत नाही, नुसता काहिलीकडे बघतो. मध्येच थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून बोटाने गोळी वळते का बघतो. ती वळली की सगळ्यांची एकदम धावपळ, काहील उतरवून वाफ्यात ओतेपर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही. ओतताना पाक लालसर, निवता निवता तपकिरी, आणि ढेप फोडली की आत त्याहून उजळ, दाणेदार.

मी रंगांचे नमुने घ्यायला गेले होते, फोटो काढून त्यातून रंग उचलणार होते. मामी म्हणाली, गिऱ्हाईक आधी ढेप फोडून आत बघतं, मग घेतं. कणी बघतं, रंग बघतं, जीभ लावतं. तेव्हा ठरलं की डबा पारदर्शक आणि लेबल म्हणजे फक्त एक पट्टा. रंग गुळाने दाखवायचा, मी नाही.

‘कोल्हापूर गूळ’ला २०१४ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. मामाला ते चिन्ह लेबलवर हवं होतं. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असल्याशिवाय ते टाकता येत नाही. मामाची नोंदणी नाही. नोंदणी केल्यावर चिन्ह टाकू, तोवर जागा राखून ठेवते असं सांगितलं. त्याला ते फारसं पटलं नाही.

२२ नोव्हेंबर

पट्ट्यावरचा ऐवज: नाव, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, बॅच, पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन, अन्नसुरक्षा विभागाचा १४ अंकी क्रमांक, घटक, पोषणमूल्यांचा तक्ता, शाकाहारी चिन्ह. रचना करायला उरलेली जागा एका काडेपेटीएवढी. आणि डिझाइन तिथेच करायचंय.

शाकाहारी चिन्हाचं मापही नियमाने ठरतं. दर्शनी भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर हिरव्या ठिपक्याचा व्यास किमान ३ मिलिमीटर, १०० ते ५०० असेल तर ४, आणि चौकटीची बाजू व्यासाच्या दुप्पट. माझी दर्शनी बाजू ९ बाय १२, म्हणजे १०८. नेमकी सीमा ओलांडली. ठिपका ४, चौकट ८. वर्गात बहुतेकांनी हे चिन्ह जिथे जागा उरेल तिथे चिकटवलं होतं. सरांनी (वेष्टनाला सर आहेत) सगळ्यांचे प्रिंट पट्टीने मोजले.

बारकोडवर मोठी चर्चा झाली. सरांनी तपकिरी रेघांचा बारकोड क्रीम कागदावर छापून आणला होता, दिसायला सुरेख. दुकानातल्या स्कॅनरला तो दिसेना. स्कॅनरचा प्रकाश लाल, आणि लाल प्रकाशात लाल, नारिंगी, तांबूस तपकिरी या सगळ्या रेघा पांढऱ्या पडतात. काळ्या, गडद निळ्या, गडद हिरव्या रेघा चालतात. पूर्ण मापाचा बारकोड दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसह ३७.२९ मिलिमीटर रुंद, ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, त्याखाली नको. बाजूची कोरी जागा ही सजावटीसाठी नाही, तिथे काही आलं तर स्कॅनरला सुरुवात सापडत नाही. हे सगळं टिपून घेतलं, पण मामाच्या लेबलवर बारकोड टाकला नाही. त्याची दुकानं वहीत हिशोब ठेवणारी. काडेपेटीतली अर्धी जागा वाचली.

नावाला फॉन्ट नाही. ‘गूळ’ बोरूने काढला. ग चा काना आणि ळ यांच्या मध्ये दीर्घ ऊकाराची शेपटी येते. ती ळ च्या पोटाखालून पुढे नेली तर शब्दाला बैठक मिळते. शिरोरेषा शेवटी.

६ डिसेंबर

उद्यमनगरातल्या एका प्रेसमध्ये दिवसभर. सरांनी आधीच बजावलं होतं, तिथे शहाणपणा करू नका, बघा आणि विचारा.

मला तपकिरी क्राफ्ट कागदावर छापायचं होतं. मशीनवाल्या दादांनी एक जुना तुकडा काढून दाखवला: चार रंगांत पांढरा नसतो, तिथे खालचा कागदच दिसतो, आणि कागद तपकिरी असेल तर माझा पिवळा शेणकट होणार. शिवाय गुळाला ओल सुटते, डब्याबाहेर दमटपणा आला की साधा कागद सुरकुततो. क्रोमो (चकचकीत कागदाचा) स्टिकर घ्या, वर लॅमिनेशन करा, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट त्यांनी भिंग देऊन दाखवली. कुणाच्या तरी लेबलवरचा बारीक तपकिरी मजकूर. नुसत्या डोळ्याला तपकिरी, भिंगातून किरमिजी, पिवळा आणि काळा, तीन वेगवेगळी अक्षरं एकमेकांवर, एक केसभर सरकलेलं. मात्रा आणि अनुस्वार तर ओळखू येत नव्हते. रोमनमध्ये असं झालं तर शब्द निदान कळतो. आपल्याकडे अनुस्वार बुजला की ‘नंतर’चं भलतंच काही होतं. बारीक मजकूर एकाच शाईत, शक्यतो शुद्ध काळ्यात, आणि काळा बाकी रंगांवर ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता वरूनच छापलेला. गडद पट्टीतून पांढरा मजकूर काढायचा तर जाड वजन घ्यायचं, नाहीतर शाई पसरून वेलांट्या भरून येतात.

कडेला ३ मिलिमीटर ब्लीड सोडला होता, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला रंग. कटिंग करणाऱ्यांनी गठ्ठा मशीनखाली सरकवताना एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “सोडलाय ना?” हो म्हटल्यावर पातं खाली आलं.

१८ डिसेंबर

लेबल जमा. सरांनी डबा हातात धरला, उलटा केला, किंमत कुठे आहे ते बघितलं, ठेवला. मार्क चांगले आहेत. मामाने थोडी लेबलं जास्तीची छापून घेतली आणि चिकटवायला मामीला बसवलं. मामीचं मत: पट्टा दोन बोटं खाली असता तर गूळ आणखी दिसला असता. खरंय. पुढच्या छपाईत घेते.

१३ जानेवारी

शेवटचा प्रकल्प: माहितीची मांडणी. मी एसटीचं वेळापत्रक घेतलं, एका तालुक्याच्या स्टँडवरचं. कॉलेजला येता-जाता त्याच फलकाखाली उभी असते.

आधी बघायला गेले. लोक फलक वाचत नाहीत, चौकशी खिडकीत विचारतात. फलकासमोर आलेला माणूस थोडा वेळ मान वर करून बघतो आणि शेजारच्याला विचारतो, “आजऱ्याला कुठली?” फलकावर सगळ्या गाड्या वेळेनुसार एकाखाली एक लावलेल्या. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्यापर्यंत. कार्यालयाच्या दृष्टीने हे सोयीचं, गाडी सोडणाऱ्याला पुढची कोणती ते कळतं. पण प्रवाशाला सगळ्या गाड्यांशी देणं-घेणं नसतं. त्याला त्याचं गाव माहीत असतं आणि आत्ता किती वाजले ते माहीत असतं.

म्हणून आधी दिशा, मग गाव, मग वेळा. कोल्हापूरकडे, गारगोटीकडे, गडहिंग्लजकडे, निपाणीकडे. एका गावाची एक आडवी ओळ, त्यात दिवसभराच्या वेळा.

२७ जानेवारी

आडव्या ओळीत एक अडचण: ‘मार्गे’. आजऱ्याला गारगोटीवरून जाता येतं आणि निपाणी-उत्तूरवरूनही. गाव तेच, पण मधल्या उत्तूरच्या माणसाला उत्तूरवरून न जाणारी गाडी काहीच कामाची नाही. म्हणून आजऱ्याच्या दोन ओळी केल्या, आणि ‘मार्गे’चं गाव मुख्य गावाच्या निम्म्या आकारात, पण त्याच वजनात. हलकं वजन लावून बघितलं होतं, लांबून ते नाहीसं झालं.

आकडे देवनागरीच ठेवले. वर्गात यावर वाद झाला, इंग्रजी आकडे जास्त स्वच्छ दिसतात असं काहींचं म्हणणं. गाडीच्या पाटीवर, तिकिटावर दोन्ही दिसतात. मला अडचण वेगळी आली: निवडलेल्या फॉन्टमध्ये अंकांची रुंदी एकसारखी नव्हती, त्यामुळे वेळांचे उभे रकाने ओळीगणिक डुगडुगत होते. सगळे अंक एका रुंदीचे असलेला पर्याय शोधला. १ आणि ९ लांबून गोंधळतात का, हेही बघितलं. ५ आणि ६ जास्त गोंधळतात.

आकार ठरवायला ढोबळ नियम असा की दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर साधारण इंचभर हवं. देवनागरीत हा इंच शिरोरेषेपासून तळापर्यंत मोजायचा, मात्रा आणि उकार धरून नाही. नाहीतर अक्षर प्रत्यक्षात खूपच लहान पडतं. प्रिंट काढून स्टँडवर खांबाला लावला आणि बाकड्यावरून वाचला. बाकड्यावर बसलेल्या आजोबांनीही वाचला, मोठ्याने, आणि विचारलं, “मुक्कामी गाडी कुठं हाय ह्यात?”

नव्हती. म्हणजे वेळ होती, पण ती मुक्कामी आहे हे कुठेच नव्हतं. रात्री गावात थांबून पहाटे परत निघणारी गाडी. दवाखान्याला, कोर्टाला, सकाळच्या कॉलेजला जाणारी माणसं तिच्या भरवशावर असतात. तिला चौकट दिली. प्रत्येक ओळीत चौकटीतली वेळ एकच, आणि तळाला एका ओळीत खुलासा.

६ फेब्रुवारी

भाडं फलकावर टाकायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. २५ जानेवारीपासून ते जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं, त्यामुळे त्यावर वर्गात कुणी काही बोललं नाही.

२० फेब्रुवारी

नमुना घेऊन वाहतूक नियंत्रकांकडे गेले. चहा पाजला, शांतपणे बघितला. दिशा पटली, मुक्कामी चौकट फार आवडली. मग विचारलं, “शाळांना सुट्टी लागली की वेळा बदलतात. जत्रा असली की जादा गाड्या. एखादी फेरी बंद होते. तेव्हा हे सगळं परत छापायचं?”

ते सध्या परत छापत नाहीत, आताच्या फलकावर रंगाने खोडून वर नव्याने लिहितात. त्यावरचे ते सगळे थर तसेच आलेत.

चहा संपेपर्यंत दोघांनी मिळून ठरवलं ते असं. फलकाला ॲल्युमिनियमच्या आडव्या खाचा. प्रत्येक गाव म्हणजे एक वेगळी पट्टी, बाजूने सरकवून काढता येईल अशी. गावाचं नाव पट्टीवर छापलेलं, वेळांचे तुकडे सुटे, चिकटवून बदलता येण्यासारखे. म्हणजे अंकांचा संच आगाऊ छापून स्टँडवर ठेवायला हवा, शून्य ते नऊ, मध्ये द्यायचं टिंब, आणि मुक्कामीची रिकामी चौकट. पट्टीची उंची सगळीकडे एकच, त्यामुळे ‘मार्गे’ आता त्याच पट्टीत गावाच्या खाली न जाता उजवीकडे जाईल. उकार आणि मात्रांसाठी वर-खाली किती जागा ठेवायची हे पुन्हा मोजावं लागेल. ‘गडहिंग्लज’ सर्वांत रुंद, ‘उत्तूर’ सर्वांत खोल. या दोन पट्ट्या बसल्या की बाकीच्या बसतील.

फॅब्रिकेशनवाल्याकडे सोमवारी जायचंय. त्याआधी या दोन पट्ट्यांचे प्रत्यक्ष मापाचे प्रिंट, आणि अंकांच्या संचात १ किती लागतील याचा हिशोब.